आमच्या जुन्या लाकडी घराची भूकंप-तपासणी

जपानमध्ये आम्ही घेतलेलं घर १९७८ सालचं, लाकडी, दुमजली. व्यवहाराच्या वेळी एजंटने एक तारीख दोनदा बजावली होती : १ जून १९८१. त्या दिवसापासून इथले भूकंपाचे बांधकाम नियम कडक झाले. घर कधी बांधून झालं ते नाही, परवानगीची तारीख बघायची. आमचं घर जुन्या नियमांतलं, म्हणूनच परवडलं. पण पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री कपाटातली भांडी खणखणली, मुलीला उचलून मी अंधारात उभा राहिलो आणि ठरवलं, तपासणी करून घ्यायचीच.

अशा घरांच्या तपासणीला इथल्या बऱ्याच महापालिका अनुदान देतात. अर्ज केला, महिन्याभराने इंजिनिअर आले, साठीचे गृहस्थ. आधी स्वयंपाकघराच्या जमिनीतली झडप उघडून सरपटत घराखाली गेले, मग कपाटाच्या वरची फळी सरकवून छतात शिरले. कोळिष्टकं झटकत उतरले आणि फोटो दाखवला. भिंतीतला तिरका टेकू खांबाला नुसत्या दोन खिळ्यांवर होता. "घर जोरात हललं की हा निसटतो. मग भिंत असून नसल्यासारखी."

अहवालात गुण आले ०.४८. एकच्या वर असेल तर मोठ्या भूकंपात घर सहसा कोसळत नाही; ०.७ च्या खाली कोसळण्याची शक्यता दाट. १९९५ मध्ये कोबेला पहाटे ५:४६ ला धक्का बसला, ६,४३४ माणसं गेली, त्यातली बहुतेक कोसळलेल्या घरांखाली. आमचा ०.४८ चा आकडा पुन्हा वाचून मी बराच वेळ कागद हातात धरून बसलो.

मला वाटायचं, भिंती जाड केल्या की झालं. इंजिनिअरांनी नकाशा पुढे ओढला. दक्षिणेला सगळ्या खिडक्या, उत्तरेला सगळ्या भिंती. असं घर धक्क्यात पिळवटतं. म्हणून दक्षिणेची एक खिडकी बुजवावी लागली. बायकोची ती उन्हाची जागा होती, तिला फार लागलं. छतावरची मातीत बसवलेली जड कौलं उतरवून हलका पत्रा घातला, कारण डोक्यावर भार जितका जास्त तितका खालच्या भिंतींवर ताण जास्त. खांबांच्या सांध्यांना लोखंडी पट्ट्या आल्या.

धक्का शोषणारे डँपर बसवू का, असंही मी विचारलं. घराची हालचाल ते पोटात घेतात, तिची उष्णता करतात. २०१६ मध्ये कुमामोतोला दोन दिवसांत दोनदा जपानी तीव्रता-मापनातल्या (रिश्टर नव्हे) सर्वोच्च पातळीचे, ७ चे धक्के बसले. पहिल्यात तगलेली काही घरं दुसऱ्यात पडली. वारंवारच्या धक्क्यांत डँपर कामाला येतात. "पण आधी एकच्या वर या," ते म्हणाले. "कमकुवत घराला डँपर तारत नाही."

काम संपल्यावर गुण झाले १.१२. शेवटच्या पाहणीला आलेले इंजिनिअर मुलीच्या खोलीत थबकले. पलंगाशेजारचं उंच कपाट त्यांनी एका बोटाने ढकललं, ते डुललं. दुपारीच ते भिंतीतल्या लाकडाला स्क्रूने आवळलं आणि पलंग पलीकडे सरकवला.