तूप कमी पडलंय

नानखटाई ओव्हनमधून काढल्या काढल्या उचलायची नसते, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली. गरम असताना ती बोटाखाली लोण्यासारखी दबते. आपल्याला वाटतं कच्चीच राहिली, म्हणून ट्रे पुन्हा आत ढकलायचा, आणि पाच मिनिटांनी खालून करपलेल्या चकत्या बाहेर काढायच्या. माझे पहिले तीन घाणे असेच गेले. खरं तर ट्रे ओट्यावर ठेवून आपण सरळ दुसऱ्या खोलीत जावं. गार होता होता ती आपली आपण खुसखुशीत होते. मी अर्थात जात नाही. दारात उभी राहून वास घेते.

प्रमाण माझं सोपं आहे. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, थोडा रवा, चिमूट चिमूट मीठ आणि सोडा, वेलची, जायफळ. पाण्याचा थेंब नाही. तूप पातळ केलेलं चालत नाही, थिजलेलंच हवं, आणि ते साखरेबरोबर हाताने पांढरं होईपर्यंत फेसायचं. मैद्याला तूप असं वेढून बसतं की त्याला चिवट व्हायला वावच मिळत नाही. खुसखुशीतपणाचं गुपित तेवढंच. ओव्हन मात्र आधीपासून तापलेला पाहिजे. नाहीतर पीठ धरायच्या आत तूप वितळतं आणि नानखटाई रविवारी जेवून आडव्या झालेल्या माणसासारखी पसरते.

लहानपणी आमच्याकडे ओव्हन नव्हता, आणि तो हवा असंही कुणाला वाटत नव्हतं. गिरगावात आमची चाळ ठाकुरद्वारला, आणि दोन गल्ल्या सोडून बेकरी. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात चाळीतल्या बायका तूप, साखर, मैदा घेऊन तिथे जायच्या. मजुरी किलोवर. बेकरीतला माणूस आपल्यासमोर परातीत सगळं मळायचा, गोळे करून काळ्याकुट्ट पत्र्यांवर मांडायचा आणि लांब दांड्याच्या फळीने पत्रे भट्टीत सारायचा. भट्टी लाकडाची. तोंडाशी उभं राहिलं की गाल भाजायचे. आई नि आत्या तिथून हलायच्या नाहीत. कारण एकच, आपलं तूप आपल्याच नानखटाईत पडतंय ना! परातीवरची त्यांची ती नजर मी नंतर फक्त मतमोजणीला बसलेल्या लोकांची पाहिली आहे. आमची खूण म्हणून आत्या प्रत्येक गोळ्यावर मधोमध चारोळी दाबायची. शेजारच्या काकूंचा पिस्ता. एका वर्षी पत्रे बदलले आणि पिस्त्याच्या नानखटाया आमच्या घरी आल्या. त्या परत करायच्या आधी आम्ही किती खाल्ल्या, हे अजून उघड झालेलं नाही.

परत येताना पत्र्याचा मोठा डबा पोटाशी धरून चालायचं काम माझं. फ्रॉकमधून त्याची ऊब लागायची. तो जिना चढून वर येईपर्यंत तीन मजल्यांना कळलेलं असायचं की यांची नानखटाई झाली.

भाजणं हे काही साहेबाकडून आलेलं नाही, असं आजी ठणकावून सांगायची. राजापूरकडच्या तिच्या माहेरी काकडीचं धोंडस, म्हणजे काकडीचा केकच, व्हायचं ते पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवून. वरून-खालून आच, झाला की ओव्हन! पावाच्या बाबतीत मात्र तिला गप्प बसावं लागे, कारण तो शब्द पोर्तुगिजांचा. बटाटाही त्यांचाच. म्हणजे वडापावातला वडा तेवढा आपला, पण तो आपण असा काही घातला की बाकीचे दोघे कायमचे इथलेच झाले.

लाकडाच्या भट्ट्यांचं आता काही खरं नाही. २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून गॅस किंवा तशा स्वच्छ इंधनावर यायला सहा महिन्यांची मुदत दिली. मुंबईची हवा रोज फुप्फुसात घेणाऱ्या माणसाने त्यावर कुरकुर करू नये, आणि मी करत नाही. फक्त कडक पाव घेताना त्याची पाठ उलटी करून बघते, कुठे राखेचा कण चिकटलाय का. आमची बेकरी तर त्याच्या कितीतरी आधी बंद झाली. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

त्यामुळे भट्टी मुलुंडला माझ्या ओट्यावर आली, आणि नानखटाई खाणारी आत्या राहिली गिरगावात. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाली, लग्न केलं नाही, आजोबांची खोली सोडली नाही. आई गेल्यापासून महिन्यातून एकदा मी तिच्याकडे डबा घेऊन जाते.

डबा नेण्याची हौस आमच्या घरात मुळातच जरा जास्त. लोणावळ्याहून चिक्की, साताऱ्याहून कंदी पेढे, बेळगावहून कुंदा आणल्याशिवाय आमचा प्रवास झाला असं धरत नाहीत. गोव्यात पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडची पोई, म्हणजे तिथला पाव, मी एकदा डझनभर घेऊन कोकण रेल्वेत चढले होते. पनवेल येईपर्यंत तिची चामडी झाली. "तू फिरायला जातेस की किराणा आणायला?" नवरा विचारतो. त्याच्या बॅगेत तेव्हा अर्धा किलो काजू असतात.

तर मागच्या सोमवारी चाळीस नानखटाया डब्यात भरल्या आणि अकराच्या सुमाराची दादरकडे जाणारी गाडी धरली. साडेआठची गर्दी ओसरलेली असते. खिडकी नाही, पण चौथी सीट मिळाली, म्हणजे अर्धी मी सीटवर आणि अर्धी हवेत. डबा मांडीवर. घाटकोपर गेलं आणि समोरच्या बाई एकदम म्हणाल्या, "ताई, जायफळ का?"

झाकण घट्ट होतं. वरून पिशवी. तरीही! अशा माणसाला डबा न दाखवणं म्हणजे पाप. उघडला. "एकच हं," म्हणत त्यांनी एक घेतली आणि अर्धी शेजारणीला दिली. शेजारणीने खाऊन तूप घरचं का विचारलं. तिसरीचा सोमवार होता. तिने रुमालात बांधून घेतली, संध्याकाळी उपास सोडताना खाईन म्हणाली. दारात उभ्या कॉलेजच्या मुलीने कानातले इअरफोन काढले, एवढ्यावर आम्ही समजलो. आणि एकीने काहीही न विचारता हात पुढे केला, तीच मला सगळ्यांत आवडली.

मुंबईत माणसाचं जेवण त्याच्यामागून गाडीने येतं याचं नवल बाहेरच्यांना. डबेवाले १८९०पासून हेच करत आले आहेत. पण ते वाटेत डबा उघडत नाहीत, हा त्यांच्यातला आणि माझ्यातला फरक.

दादरला उतरून पूल ओलांडला, पश्चिम रेल्वेची धीमी गाडी घेऊन चर्नी रोडला उतरले. आता गिरगावात भुयारी मेट्रोही येते आणि दादरहूनच मिळते, पण त्या थंडगार बंद डब्यात तुपाचा वास सुटला तर लोक मला स्फोटक पदार्थासारखं बघतील, अशी उगीच भीती वाटते. चाळीचा लाकडी जिना चढताना मी तळहाताने डब्याची बाजू चाचपली. ऊब कधीच गेली होती. सवयीने चाचपते, इतकंच.

आत्याने चष्मा चढवून डबा उघडला.

"किती होत्या?"

"चाळीस."

"छत्तीस आहेत." आयुष्यभर नंबर जोडलेल्या बाईपुढे खोटं बोलून उपयोग नव्हता. गाडीतली हकिकत सांगितली. रुमालवाल्या बाईपाशी तिने मान हलवली, म्हणजे हिशेब मंजूर. मग बशीत चहा ओतला, नानखटाई त्यात सोडली आणि विरघळायच्या नेमक्या आधी चमच्याने उचलली. डोळे मिटले. मी नको तितक्या गंभीरपणे वाट बघत होते.

"तूप कमी पडलंय."

हे ती दर वेळी म्हणते. मी तुपाची वाटी शीग लावून भरली तरी म्हणते. आईलाही म्हणायची, आणि आई परतीच्या वाटेवर रागाने माझा हात जरा जास्तच घट्ट धरायची. त्यानंतर आत्याने आणखी दोन खाल्ल्या. उरलेल्यांतल्या वीस मला गॅलरीतल्या खोल्यांमधून वाटायला लावल्या. शेवटच्या खोलीतले नवे भाडेकरू जरा घाबरले, दारात अनोळखी बाई फुकट खायला देतेय म्हटल्यावर. "आत्याकडून," म्हटलं तेव्हा कुठे दार पूर्ण उघडलं.

निघताना डबा परत आला तो जड. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हा तिचा नेम. एकदा घरात काहीच नव्हतं तेव्हा तिने मूठभर साखर घातली होती. या वेळी थालीपिठाची भाजणी, स्वतः धान्यं भाजून खालच्या गिरणीतून दळून आणलेली. या वयात तू ओट्यापाशी इतका वेळ उभी का राहिलीस म्हणून मी रागावले. तिने ऐकू न आल्यासारखं केलं. तिला उत्तम ऐकू येतं.

मुलुंडला उतरले नाही तोच फोन.

"पोचलीस?"

"आत्ताच."

"घरी गेल्या गेल्या ती भाजणी दुसऱ्या डब्यात काढ. नाहीतर नानखटाईच्या तुपाचा वास लागेल तिला."

"पण तूप तर कमी पडलं होतं ना?"

पलीकडे क्षणभर नुसती खरखर.

"वासापुरतं होतं," आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.