पिंपल्स परत आलेत? जुनी चिठ्ठी मेडिकलवर दाखवायच्या आधी

पस्तिशी ओलांडल्यावर हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने ते खोल, दुखरे, तोंड न धरणारे फोड परत यायला लागले की आधी मनात येतं, आता परत? या वयात? आणि त्याच्या मागोमाग येतं की मागच्या वेळी ज्या गोळीने गेले होते तीच आणू, चिठ्ठी कपाटात आहेच. हे इतकं सरळ वाटतं ना की बहुतेकजण तेच करतात. मला आज त्याच्यावरच लिहायचंय, कारण माझा सध्या आयसोट्रेटिनॉइनचा (हट्टी पिंपल्ससाठी देतात त्या कॅप्सूलचा) दुसरा कोर्स चालू आहे आणि पहिल्यात आणि ह्याच्यात औषधाचं नाव सोडलं तर फार थोडं सारखं आहे.

सगळ्यात आधी हे सांगते, की परत आले म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही, आणि मागचं औषध वाया गेलं असंही नाही. घरी लगेच सुरू होतं, बाहेरचं खातेस, पोट साफ नसेल, अंगात उष्णता आहे, पाणी कमी पितेस, माझ्या आत्याने तर लग्नाच्या आधी छातीठोक सांगितलं होतं की लग्न झालं की जातील बघ. बायकांमध्ये पंचविशीनंतर पिंपल्स राहणं किंवा नव्याने येणं ही डॉक्टरांच्या दृष्टीने रोजची गोष्ट आहे. त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी, शरीरातली हार्मोन्स, छिद्रं बुजण्याची सवय, हे सगळं आपल्याबरोबर जन्मभर असतं, औषध त्याला दाबून धरतं किंवा बऱ्याच काळासाठी शांत करतं. दम्याच्या माणसाला पंप परत लागला तर आपण त्याला काही बोलत नाही, मग चेहऱ्याच्या बाबतीतच सगळ्यांना एवढं बोलायचं का असतं मला कळत नाही.

तर ट्रीटमेंट परत घ्यायची ह्याबद्दल वादच नाही. प्रश्न आहे तो कुठली, किती, आणि आत्ता का. आणि ह्याची उत्तरं जुन्या चिठ्ठीवर नसतात.

मी स्किनच्या डॉक्टरांकडे जाताना जुनी फाइल घेऊन गेले होते. चिठ्ठ्या, ब्लड रिपोर्ट, सापडतील तेवढी मेडिकलची बिलं. मॅडमनी चेहरा बघायच्या आधी ती फाइल बघितली आणि कॅल्क्युलेटर काढला. मला तेव्हा नवल वाटलं पण कारण कळल्यावर पटलं. आयसोट्रेटिनॉइनमध्ये रोजच्या डोसइतकाच महत्त्वाचा असतो पूर्ण कोर्सचा एकूण डोस. साधारण पद्धत अशी की वजनाच्या दर किलोमागे एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम पोटात जायला पाहिजे. म्हणजे ६० किलोच्या बाईला ७,२०० ते ९,००० मिलिग्रॅम. आता रोज २० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल धरली तर हे पूर्ण व्हायला ३६० दिवस तरी लागतात, वर्षच झालं की! आपल्याकडे कमी डोस देऊन चालू ठेवायची पद्धत खूप आहे, त्याने ओठ कमी फाटतात, त्रास कमी होतो, आणि ते चांगलंच आहे, पण मग दिवस वाढवावे लागतात. चेहरा मात्र चौथ्या-पाचव्या महिन्यात छान साफ दिसायला लागतो आणि कोर्स तिथेच थांबतो. माझा पहिला कोर्स बाळाचा विचार सुरू झाल्यावर डॉक्टरांनीच थांबवला होता, योग्यच होतं ते. पण बिलांवरून हिशोब केला तर जे पोहोचायला पाहिजे होतं त्याच्या निम्म्याच्या आसपासच गेलेलं होतं. म्हणजे माझ्या बाबतीत औषध फेल गेलं नव्हतं, अर्धवट राहिलं होतं. हे वाक्य मॅडमनी म्हटल्यावर मला खरंच बरं वाटलं, इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या स्किनवर काही टिकतच नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली ती कॅप्सूल कशाबरोबर घ्यायचात. हे औषध रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही, त्याला जेवण लागतं आणि तेही जरा तूप-तेल असलेलं. सकाळी चहा-बिस्किटाबरोबर घेणाऱ्या बायका भरपूर आहेत. डोस तोच लिहिलेला, पण शरीरात जाणारा कमी. मी आता रात्रीच्या जेवणात पोळीला तूप लावून त्याच्याबरोबर घेते.

मग प्रश्नांची फैरी. पाळीच्या आधी वाढतात का? पाळी वेळेवर येते का? हनुवटीवर, ओठांवर जाड केस आलेत का? वजन वाढलं का? डोक्यावरचे केस पातळ झाले का? नवीन काही औषध चालू झालं का, स्टेरॉइड, टीबीच्या गोळ्या, बी-१२ची इंजेक्शनं? हो, बी-१२ने सुद्धा काहींना चेहऱ्यावर पुरळ उठतं, आणि आपल्याकडे शाकाहारी घरात निम्म्या लोकांना बी-१२ कमी निघतंच की. घरातल्या मुलग्यांना जिम सुरू केल्यावर आले तर व्हे प्रोटीन विचारतात. डोक्याला तेल चोपडून झोपता का हेही विचारलं, कारण कपाळाच्या कडेने येणारे बारीक दाणे कधी कधी नुसत्या तेलाचे असतात. गर्भनिरोधक कुठलं वापरता हे पण. प्रोजेस्टेरॉनवाल्या साधनांनी काहींना पिंपल्स वाढतात, माझी साधी, हार्मोन नसलेली कॉपर-टी असल्यामुळे तो मुद्दा बाद झाला.

माझ्या हार्मोन्सच्या टेस्ट नॉर्मल आल्या. बऱ्याच बायकांच्या तशाच येतात म्हणे, रिपोर्ट नॉर्मल असतात पण तेलग्रंथीच त्या हार्मोनला जास्त दाद देतात. ऑफिसमधल्या माझ्या मैत्रिणीचं मात्र उलटं निघालं. वय माझ्याएवढंच, फोड त्याच जागी, मागे तिनेही आयसोट्रेटिनॉइन घेतलेलं, आणि तिला पीसीओएस (पाळी आणि हार्मोन्स बिघडवणारा त्रास) निघालं. तिला तिच्या डॉक्टरांनी कॅप्सूल परत दिलीच नाही, स्पायरोनोलॅक्टोन सुरू केलं. हे मुळात बीपीचं, अंगातलं पाणी कमी करायचं औषध, पण ते पुरुषी हार्मोनचा परिणाम अडवतं म्हणून बायकांच्या पिंपल्सवर वापरतात. पुरुषांना ह्यासाठी देत नाहीत. ह्याच्यावर ब्रिटनमध्ये ४१० बायकांवर एक मोठी चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली, त्यात १२ आठवड्यांपेक्षा २४ आठवड्यांना फरक जास्त स्पष्ट दिसला. म्हणजे सहा महिने धीर धरायची तयारी पाहिजे. तिला तिसऱ्या महिन्यात वाटायला लागलं होतं की काही होत नाहीये, सोडून द्यावं, आम्ही सगळ्या तिच्या मागे लागून तिला डॉक्टरकडे पाठवलं, त्यांनी डोस वाढवला आणि आता खरंच शांत आहे चेहरा. एकाच ऑफिसात, एकाच वयाच्या, एकाच जागी फोड आलेल्या आम्ही दोघी आणि चिठ्ठ्या पूर्ण वेगळ्या. मी तिची आणली असती तर मला अर्धवट उपयोग, तिने माझी आणली असती तर परत दोन वर्षांनी तिथेच.

आता डॉक्सीसायक्लिनबद्दल, कारण चिठ्ठी परत चालवण्यात सगळ्यात जास्त नंबर हिचाच लागत असेल. स्वस्त आहे, मेडिकलवर पटकन मिळते, आठ-पंधरा दिवसांत सूज उतरते. मग बंद करतो, दोन महिन्यांनी परत येतात, परत एक पत्ता आणतो. हे अँटिबायोटिक आहे हो! पिंपल्ससाठी साधारण तीन-चार महिन्यांच्या वर देत नाहीत आणि एकटं देत नाहीत, बरोबर बेंझॉइल पेरॉक्साइड हे लावायचं जंतुनाशक देतात कारण त्याला जंतू सरावत नाहीत. क्लिंडामायसिन जेल हेही अँटिबायोटिकच, त्याचंही तेच, नुसतं क्लिंडामायसिन महिनोन् महिने लावत राहिलं की जंतू निर्ढावतात आणि मग तेच जेल तिसऱ्यांदा आणलं की काही होत नाही. (बेंझॉइल पेरॉक्साइड लावणार असाल तर उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरा ठेवा, रंगीत कापडावर पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत.) आणि अँटिबायोटिक चालू असताना कपाळावर, पाठीवर, छातीवर एकसारखे बारीक, खाजणारे दाणे वाढायला लागले तर ते पिंपल्स नसून बुरशीचे असू शकतात. आपल्या मुंबई-ठाण्याच्या घामट हवेत हे भरपूर दिसतं आणि त्यावर डॉक्सी परत घेतली तर ते आणखी फोफावतं.

अजून एक "परत येणं" असतं जे मुळात वेगळंच असतं. मेडिकलवरून कोणीतरी गोरं व्हायची, डाग घालवायची ट्यूब दिलेली असते, लावली की चेहरा तुकतुकीत, बंद केली की आठवड्यात लाल, जळजळ आणि फोड. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. लावलं की बरं, सोडलं की परत, असं चाललं असेल तर ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असं काही आहे का बघा, आणि ती ट्यूब घेऊनच डॉक्टरकडे जा. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, पण तुम्हाला माहितीये आपल्याकडे काउंटरवर काय चालतं.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला, ताई तुझ्या गोळीचा फोटो पाठव ना, मला पण परत आलेत, तुझा चेहरा किती छान झालाय. मी पाठवला नाही. तिला फोन केला आणि तासभर बोलले. ती बाळाचा विचार करतीये, आणि आयसोट्रेटिनॉइन पोटात असताना दिवस राहिले तर बाळाच्या मेंदूला, हृदयाला, कानांना, चेहऱ्याला गंभीर इजा होऊ शकते, ही कुठलीतरी लांबची शक्यता नाही, फार मोठा धोका आहे. म्हणूनच सुरू करायच्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट, कोर्सभर पक्कं गर्भनिरोधक आणि बंद केल्यावर पूर्ण एक महिना तेच. अमेरिकेत हे औषध १९८२ पासून आहे आणि तिथे २००६ पासून रजिस्टरमध्ये नाव नोंदवून, बायकांना दर महिन्याला टेस्ट करून मगच गोळी मिळते. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर पत्त्याचा फोटो पाठवला की मिळते. मला ह्याची भीती वाटते, खरंच वाटते. पहिल्या कोर्सच्या वेळी तुम्ही कॉलेजात असता, दुसऱ्या वेळी नवीन लग्न झालेलं असतं, औषध तेच पण तुमचं आयुष्य बदललेलं असतं आणि हे चिठ्ठीला माहीत नसतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि डॉक्सीसुद्धा गरोदरपणात चालत नाहीत. ॲडापॅलीन, ट्रेटिनॉइन ही लावायची औषधंही तेव्हा बंद ठेवायला सांगतात. तिच्या डॉक्टरांनी तिला ॲझेलेइक ॲसिड दिलंय, ते गरोदरपणातही चालतं, हळू काम करतं पण डागांवरही उपयोगी पडतं. तिची घाई मला कळते, मी तिच्या जागी होते एकदा. पण थांब म्हटलं.

आणि डॉक्सी आणि आयसोट्रेटिनॉइन एकत्र कधीच नाही. जुन्या दोन चिठ्ठ्यांमधली दोन्ही औषधं आणली तर लवकर जातील असं वाटू शकतं, पण ह्या दोघांनी मिळून कवटीतला दाब वाढू शकतो, डोकं प्रचंड दुखतं, नजरेवर परिणाम होतो. मल्टिव्हिटॅमिनमध्ये अ जीवनसत्त्व जास्त असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, कारण आयसोट्रेटिनॉइन त्याच घराण्यातलं आहे.

दुसरा कोर्स लगेच पण सुरू करत नाहीत. पहिला संपल्यावर दोन महिने तरी थांबतात, कारण औषध बंद झाल्यावरही काही काळ सुधारणा चालू असते. माझ्या पहिल्या आणि ह्या कोर्सच्या मध्ये वर्षं गेल्यामुळे तो प्रश्न नव्हता. माझे फोड खड्डे पाडायला लागले होते म्हणून मॅडमनी नुसत्या क्रीमवर वेळ न घालवता कॅप्सूलच परत द्यायचं ठरवलं, ह्या वेळी एकूण डोस आधी लिहून, तो भरेपर्यंत. सुरुवातीच्या आठवड्यांत उलट वाढले, तसं होतं हे माहीत असूनही आरशात बघून रडू आलं. ओठ फुटतात, नाक आतून सुकून कधी रक्त येतं, डोळे कोरडे होतात. वॅक्सिंग पूर्ण बंद, पार्लरवालीला आधीच सांगून ठेवलंय, कारण ह्यावर असताना साल निघून येते. ह्या काळात आणि नंतर महिनाभर रक्तदान करता येत नाही, आमच्या सोसायटीच्या शिबिरात ह्यावेळी मी नुसती बाकीच्यांची नावं लिहून घ्यायला बसले होते. मन फार उदास वाटायला लागलं तर वाट न बघता फोन करायचा, हे घरी नवऱ्यालाही सांगून ठेवायला लावलं मॅडमनी, ते मला फार आवडलं.

कोर्स संपल्यावर काय, हे मागच्या वेळी माझ्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं. ह्या वेळी आत्ताच लिहिलंय, ॲडापॅलीन ०.१ टक्के, रात्री, वाटाण्याएवढं पूर्ण चेहऱ्याला, फोडावर ठिपका देऊन नाही, सुरुवातीला एक दिवसाआड. ह्याला मेंटेनन्स म्हणतात आणि हेच लोक सोडतात, कारण चेहरा साफ असताना कशाला लावायचं असं वाटतं. पण त्वचेखाली फोडाची तयारी तो दिसायच्या कितीतरी आठवडे आधी सुरू झालेली असते, क्रीम तिथे काम करतं. सनस्क्रीन रोज, आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर फोड गेला तरी काळा डाग महिनोन् महिने राहतो आणि उन्हाने तो आणखी गडद होतो.

माझा लिपिड आणि लिव्हरचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आहे, मागच्या वेळी ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) थोडं वर गेलं होतं, ते खाली आलं असेल तर डोस वाढवायचा, नाहीतर आहे तोच ठेवून कोर्स लांबवायचा, असं ठरलंय. तुमच्यापैकी कोणाचा दुसरा कोर्स चालू असेल तर खाली लिहा, विशेषतः मेंटेनन्स किती काळ चालू ठेवायला सांगितलंय ते, मला वाचायला आवडेल. औषधाच्या पत्त्याचा फोटो मात्र मागू नका, मी देणार नाही.