सेरेमनी आणि आईची कॅसेट

१८ मे, रात्री अकरा

आज इयान कर्टिसचा स्मृतिदिन, जॉय डिव्हिजन या इंग्लिश रॉक बँडच्या गायकाचा. १९८० साली याच तारखेला, मँचेस्टरजवळच्या मॅकल्सफील्डमध्ये, तेविसाव्या वर्षी त्याने आयुष्य संपवलं. फिट्सचा आजार, नैराश्य, मोडत आलेला संसार. जॉय डिव्हिजनचा अमेरिकेचा पहिला दौरा अगदी तोंडावर आला होता.

मागे तिघे उरले. बर्नार्ड समनर, पीटर हुक आणि स्टीफन मॉरिस. आपल्यातला कुणीही गेला तर हे नाव वापरायचं नाही, असं त्यांचं आधीपासून ठरलेलं होतं. ते त्यांनी पाळलं आणि न्यू ऑर्डर या नावाने पुन्हा वाजवायला लागले. पण गाणार कोण? तिघांनीही गाऊन पाहिलं. शेवटी ते समनरवर आलं. गिलियन गिल्बर्ट नंतर त्यांच्यात आली.

त्यांचं पहिलं रेकॉर्ड 'सेरेमनी', १९८१ चं. इयानबरोबर केलेल्या अगदी शेवटच्या गाण्यांपैकी ते एक. शब्द इयानचे, पण लिहिलेला कागद कुठेच नाही. होती ती तालमीची टेप, आणि तिच्यात त्याचा आवाज जेमतेम ऐकू येणारा. समनरने ती इक्वलायझरमधून, म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या यंत्रातून, पुन्हा पुन्हा फिरवली आणि गेलेल्या मित्राचे शब्द वेचून काढले. मग तेच शब्द स्वतःच्या, तेव्हा अजून न सरावलेल्या गळ्यातून म्हटले. मला वाटतं, त्या बँडने केलेलं सगळ्यात मायेचं काम हेच.

पुढे यंत्रं आली. ड्रम मशीन, समनरने सुटे भाग जोडून बनवलेला सिक्वेन्सर, म्हणजे आधी भरून ठेवलेले स्वर आपोआप वाजवणारं यंत्र. १९८३ च्या 'ब्लू मंडे'साठी गिलियनने सगळे स्वर कागदांवर मांडले होते, एकाला एक चिकटवलेल्या लांबलचक कागदांवर. त्यातला एक स्वर भरायचा राहिला, त्यामुळे ती धून तालाच्या किंचित बाजूला सरकली. तशीच राहिली. साडेसात मिनिटं नाचायला लावणारं गाणं, आणि त्यावर समनरचा सपाट, कोरडा आवाज. खूप रडून झाल्यावर माणूस असाच बोलतो. आई गेल्यानंतरचे तीन-चार महिने मी हेच गाणं लावून स्वयंपाक करायचे. घरातल्यांना ते विचित्र वाटायचं. मला त्याच ठेक्यावर कांदा चिरता यायचा.

आईची एक कॅसेट आहे. बाबा मस्कतला होते तेव्हा आमच्याकडून त्यांना पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. कुणी गावचं निघालं की त्याच्या सामानात द्यायची. परत येताना बाबांनी ही एक जपून आणली. आई सांगते आहे, आंब्याचं, विहिरीच्या पाण्याचं, आजीच्या गुडघ्याचं. मग म्हणते, "अहो, तुम्ही आलात की आपण..." आणि पुढे कुठलंतरी गाव, "...ला जाऊ." ते गाव ऐकूच येत नाही, कारण नेमकी तिथे मी भोकाड पसरते. तेव्हा दीड वर्षांची होते.

आज फोनवरचा इक्वलायझर लावून बसले. माझं रडणं थोडं खाली गेलं, पण त्याबरोबर आईही. ताईला ऐकवलं, ती म्हणाली गुहागर. मला 'ग' ऐकू येत नाही, 'प' येतो. बाबांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, गाव काही सांगितलं नाही. हाताने खूण केली, मागे घे.

चार वेळा मागे घेतलं.