पाहिजे : धाकटा भाऊ

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंना मी चार वर्षं नुसतं ‘आयी’ म्हणत आले. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी. कामाच्या बाईंपासून भाजीवालीपर्यंत कुणालाही म्हणतात. सुझोऊला आले तेव्हा पहिला महिनाभर जीभ अडखळायची, परक्या बाईला आई म्हणतेय असं वाटायचं. मग सवय झाली आणि नाव विचारायचं राहूनच गेलं. (पुण्यातल्या आमच्या मावशींचं आडनाव तरी मला कुठे माहीत होतं!)

यंदा चिनी नववर्षाला त्यांचं आन्हुईतल्या गावाचं रेल्वेचं तिकीट आपण काढून द्यावं, असं मनात आलं. औदार्य दाखवायची हौस, दुसरं काय. इथे ओळखपत्राशिवाय तिकीट निघत नाही, म्हणून त्यांनी कार्डाचा फोटो पाठवला. आडनावापुढची दोन अक्षरं मला वाचता आली आणि तिथेच घोटाळा झाला. एरवी मेनूकार्डावर अडणारी मी, नेमकी हीच दोन कशी आली?

पहिलं अक्षर ‘झाओ’. ते मी रोज बघते. खानावळीच्या काचेवर कागद चिकटवलेला असतो, ‘झाओगोंग’, म्हणजे कामगार पाहिजेत. दुकानाच्या गल्ल्यावर पंजा हलवणारी सोनेरी मांजर तुम्ही तिकडेही पाहिली असेल, तिच्या चिनी नावातही हाच झाओ आहे. लक्ष्मीला हाताने ये ये करून बोलावणारी मांजर. अक्षराच्या डाव्या अंगाला हाताचं चिन्हसुद्धा असतं. दुसरं अक्षर ‘दी’, धाकटा भाऊ.

झाओदी. पेपरातल्या छोट्या जाहिरातीसारखं नाव. पाहिजे : धाकटा भाऊ.

इंटरनेटवर शोधलं तर या नावाची अख्खी भावंडं निघाली. लायदी म्हणजे ये रे भावा, पानदी म्हणजे भावाची वाट पाहतेय, यिनदी म्हणजे भावाला घेऊन येणारी. ज्या घरात एकामागून एक मुलीच होत, तिथे हे प्रकार, आणि आयींच्या पिढीत, विशेषतः खेड्यापाड्यांत, अगदी नेहमीचे. काही आईबाप ‘दी’ला बाजूला स्त्रीचं चिन्ह जोडून देतात. उच्चार तोच राहतो, कागदावर जरा बरं दिसतं. दोन्ही अक्षरं उघडीवाघडी ठेवण्यापेक्षा पदर घेतलेला बरा, असा काहीसा हिशोब.

आता कबूल करते. मला वाईट वाटायच्या आधी थोडा आनंद झाला. नवऱ्याच्या ऑफिसच्या जेवणात एका स्थानिक बाईंनी मला भर टेबलावर विचारलं होतं, ‘तुमच्याकडे मुली नको असतात ना?’ तेव्हा चिनी तोकडं पडलं. घरी येऊन रात्रभर मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सगळ्यात आधी कायदा आमच्या महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये. केंद्राचा कायदा आला 1994 मध्ये. तुमच्या 2020 च्या जनगणनेत जन्मलेल्या 100 मुलींमागे 111 मुलगे, ते काय आपोआप? वगैरे. आणि आता हातात झाओदी! त्या बाई पुन्हा भेटू देतच, असं म्हणून मी तयारीत बसले.

मग चहा करताना आमची नकुसाआत्या आठवली.

आत्या माणदेशातली, तिसरी मुलगी. तिच्यावर आणखी दोन मुली झाल्या आणि मग आमचे बाबा. नकुसा हे नाव मी लहानपणापासून इतक्यांदा घेतलंय की त्याला अर्थ असतो हे ध्यानातच नव्हतं. माझ्या बारशाला कानात कुर्र करून नाव ठेवलं तेही तिनेच. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 285 नकोशींना समारंभ करून नवी नावं दिली, ते पेपरात वाचून मी हळहळले होते आणि तेव्हाही आत्याचा आणि त्या बातमीचा काही संबंध मला जाणवला नव्हता. आणि 1988 च्या त्या कायद्यानंतर 2011 मध्ये महाराष्ट्रात हजार मुलांमागे 894 मुली होत्या. हा आकडा सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहे, चीनचा जन्माच्या वेळचा, दोन्हींची सरळ तुलना करू नये. मी केली. साधारण तेवढंच येतं.

पण निदान आम्ही समारंभ तरी केला! असंही मनात येऊन गेलंच.

गंमत म्हणजे वाईट नावं मुलांनाही ठेवत, तिकडेही आणि इथेही. आपला दगडू, धोंडू, केरबा. इथे ‘गोउशंग’ म्हणजे कुत्र्याने खाऊन उरलेला, ‘त्येदान’ म्हणजे लोखंडाचं अंडं. पण मुलाला ओंगळ नाव ठेवायचं ते दृष्ट लागू नये, काळाने नेऊ नये, पोर जगावं म्हणून. मुलीचं नाव पुढच्या पोरासाठी.

दुसऱ्या दिवशी तिकीट देताना मी चेहऱ्यावर नको तितकी सहानुभूती आणून आयींना म्हटलं, तुमचं नाव वाचलं.

‘वाचता आलं?’ त्या खूश झाल्या.

‘मग... भाऊ आला?’

‘दोन!’ त्यांनी बोटं दाखवली. ‘नाव लागू पडलं. धाकटा आत्ता स्टेशनवर न्यायला येणारे.’ गावात त्यांच्या नावाला मान होता म्हणे. शेजारच्या लायदीला पाठोपाठ बहीणच झाली होती.

माझी सहानुभूती कुठे ठेवावी कळेना. नात काय नावाची, म्हणून विषय बदलला. नात झीहान. आता शाळेत हाक मारली की तीन-चार मान वळवतात असं हे नाव, आपल्याकडच्या आर्या-अन्वीसारखं. तिच्या ‘झी’त एक झाड आहे. तुतीचं झाड आणि ते झाड ही जोडी म्हणजे चिनी वाङ्मयात आपलं मूळ गाव. आयींना यातलं काही ठाऊक नव्हतं. सुनेने मोबाइलवर बघून ठेवलं, ऐकायला छान वाटतं, एवढंच. मग त्यांनी विचारलं, तुझ्या नावाचा अर्थ काय?

‘मनीषा म्हणजे इच्छा.’

‘कसली? भावाची?’

‘नाही हो! नुसती इच्छा.’ माझा आवाज जरा चढलाच.

रविवारी आत्याला व्हिडिओ कॉल लावला. नाव बदलायचं का, असं आडून आडून विचारलं. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सोसायटीचं खातं, कोण बदलत बसणार, म्हणाली. तेवढ्यात मागून आयी फरशी पुसत गेल्या, मी त्यांना हाक मारली, तर आत्या चपापली. ‘आगं, आई कुनाला म्हनतीस?’ मग सगळं सांगावं लागलं. आयी, झाओदी, अर्थ.

आत्याने चष्मा काढून पुसला. ‘आला का मग भाऊ?’

‘दोन आले.’

‘बघ की. आमच्या आबास्नी सुचलंच न्हाई. नगं नगं करत बसले. सरळ मागितलं असतं तर तुजा बाप चार वर्सं आदी आला असता.’