पावसातला महिना आणि बॅटरीची वही

कुडाळ तालुक्यात मुख्य रस्त्यापासून दीडेक किलोमीटर आत, डोंगरउतारावर हे घर आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, अडीच एकर जमीन. विजेचा खांब या घरापर्यंत पोचलेला नाही, आणि आता त्यांना तो नकोही आहे. घरात दादा, वहिनी, दहावीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि आजी. गेल्या वर्षी 12 जूनच्या रात्री मी दादरहून तुतारी एक्सप्रेसने निघाले आणि महिनाभर त्यांच्याकडे स्वयंसेवक म्हणून राहिले. असं राहायला जायची इच्छा असणारे बरेच जण मला विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

ओळख एका मैत्रिणीकडून झाली. शेतावर काम करायचं आणि त्याबदल्यात तिथेच राहायचं-जेवायचं, ही पद्धत जगभर रुजली आहे. इंग्लंडमध्ये 1971 साली स्यू कॉपर्ड यांनी शहरातल्या माणसांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर नेण्यापासून सुरुवात केली, त्यातून वूफ ही चळवळ उभी राहिली. या कुटुंबाचा तिच्याशी संबंध नाही, पण करार तसाच होता: रोज पाच तास काम, राहणं-जेवण त्यांच्याकडे, पैशांची देवघेव नाही.

वहिनींनी फोनवर होकार दिला नाही. आधी पत्र लिहा म्हणाल्या. मी लिहिलं, त्याला उत्तर म्हणून प्रश्नच आले. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का? पाठीचं दुखणं आहे का? सकाळी चहा-पोह्यांऐवजी पेज चालेल का? कोरडा संडास वापरला आहे का? आणि शेवटी एक वाक्य होतं: ‘आलेल्या माणसाला पहिला आठवडा आम्हीच मदत करतो, त्यामुळे आमचं काम वाढतं. एक आठवड्यासाठी येणार असाल तर कृपया येऊ नका.’ वाचून मला थोडं लागलं होतं. आज मला ते त्या पत्रातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटतं.

मला राहायला घरामागचा मांगर, म्हणजे शेतावरची छोटी खोपी, मिळाला. एक खाट, एक दिवा, खिडकीखाली व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा आवाज. वहिनींनी पहिल्या दिवशी माझी पिशवी उघडायला लावली आणि शॅम्पू, फेसवॉश, कपड्यांची पावडर बाजूला काढून ठेवली. न्हाणीचं पाणी पाटाने केळींना आणि अळवाला जातं. ‘त्याच अळवाचं फदफदं तू परवा खाणार आहेस,’ त्या म्हणाल्या. महिनाभर केसांना रिठा आणि भांड्यांना राख. ठाण्यात मी किती पाणी वापरते हे मला माहीत होतं, पण वापरलेलं पाणी पुढे कुठे जातं याचा विचार मी चौतिसाव्या वर्षापर्यंत केला नव्हता.

संडासाबद्दल सगळेच कुजबुजत विचारतात, म्हणून स्पष्ट सांगते. पावसाळ्यात इथे जमिनीतलं पाणी फार वर येतं, त्यामुळे शोषखड्डा उपयोगाचा नाही. चिऱ्याच्या उंच ओट्यावर दोन कप्पे आहेत. एक वापरात, दुसरा वर्षभर बंद. वापरून झालं की वर डबाभर भाताचं तूस आणि राख टाकायची. वास येत नाही, खरंच येत नाही. वर्षाने बंद कप्प्यातून काळं, मातीसारखं खत निघतं आणि ते काजूच्या मुळाशी जातं. आजीचं माहेर कणकवलीकडचं. गोपुरी आश्रम काढणारे अप्पासाहेब पटवर्धन तिने लहानपणी पाहिले होते. कोकणचे गांधी म्हणत त्यांना. ब्राह्मण असून ते स्वतः भंगीकाम करत, मैल्याचं सोनखत करायला शिकवत. आजी ते फार अभिमानाने सांगायची. त्यानंतर तुसाचा डबा भरून ठेवायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं.

दिवस सहाला गोठ्यात सुरू व्हायचा. दोन म्हशी आणि तीन कोकण कपिला गाई. शेण घमेल्यांत भरायचं आणि गोबर गॅसच्या कुंडीशी न्यायचं. संयंत्र दोन घनमीटरचं, त्याला रोज पंचेचाळीस-पन्नास किलो शेण लागतं आणि तेवढंच पाणी. ते हातानेच कालवायचं, कारण गवताची काडी, खडा, नारळाच्या सोडणाचा धागा बोटांनाच कळतो. काड्या आत गेल्या की वर तरंगून साय धरतात आणि गॅस अडतो. दुसऱ्या दिवशी माझं झालं म्हणून मी उठले, तर वहिनींनी कुंडीत हात घातला आणि तळातून मूठभर काड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. काही बोलल्या नाहीत. त्यानंतर कुंडीच्या तळापर्यंत, कोपरापर्यंत हात घालून मी फिरवायचे. शेण कोमट असतं, बाहेर पाऊस आणि गार वारा, त्यामुळे ते काम मला पुढे पुढे आवडायला लागलं. साडेसातला शेगडीवर निळी ज्योत यायची. आपण कालवलेल्या शेणावर आपलीच पेज शिजताना पाहणं हे समाधान वेगळंच आहे.

आता बॅटरीबद्दल. घराच्या छपरावर दोन सोलर पॅनेल, घरात एक दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी. बारा व्होल्टने गुणलं तर अठराशे वॉट-अवर होतात, पण शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली न्यायची नसते, नाहीतर तिचं आयुष्य भराभर कमी होतं. म्हणजे हातात नऊशे. त्यात सगळ्या घराचे दिवे, एक पंखा, दोन फोन. उन्हाळ्यात भरपूर होतं. जूनमध्ये चार-पाच दिवस सूर्यच दिसत नाही तेव्हा ते नऊशे पुरवून पुरवून वापरावे लागतात. बॅटरीशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असते. दादा रोज सकाळी दिवे लावायच्या आधी व्होल्टेज लिहितात. 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, त्याखाली गेलं तर त्या रात्री एकच दिवा.

मी एका सीएच्या ऑफिसात काम करते. रजा घेतली होती तरी 18 जूनला सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या मोकळ्या पठारावर, रेंजमध्ये गेले तेव्हा एका क्लायंटचे सात मेसेज आले होते. 20 तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं होतं आणि त्याचे आकडे माझ्या लॅपटॉपवर होते. रात्री सगळे झोपल्यावर मी ओटीवर लॅपटॉप लावला आणि चार तास काम केलं. कुणाला विचारलं नाही. मला वाटलं, एक लॅपटॉप तर आहे.

साठ-पासष्ट वॉटचा लॅपटॉप चार तास चालला, म्हणजे अडीचशे वॉट-अवर. बाहेर तीन दिवसांपासून झड लागली होती. सकाळी वहीत 11.9 लिहिलं गेलं. त्या दिवशीही ऊन पडलं नाही. संध्याकाळी साडेसातला इन्व्हर्टरने शिटी मारली आणि घर अंधारात गेलं. मोठीचा दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता, शाळेतली चाचणी. तिने काही न बोलता रॉकेलचा कंदील काढला, काच पुसली आणि चुलीशेजारी बसून अभ्यास केला. धूर डोळ्यांत जात होता म्हणून ती मध्ये मध्ये मान वळवून डोळे पुसत होती. मी शेजारी बसून तो कंदील धरला, कारण आणखी काही करता येण्यासारखं नव्हतं.

रात्री दादांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. वही काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, ‘मागचं वर्ष वाचून बघा.’ कंदिलाच्या उजेडात मी वाचली. नुसते आकडे नव्हते. ‘आईला ताप, रात्रभर दिवा.’ ‘म्हैस व्याली, अडीच वाजता.’ ‘पाच दिवस ऊन नाही, मुलांनी ओरड केली नाही.’ त्या घराने वर्षभर काय काय पुढे ढकललं आणि कशासाठी बॅटरी राखून ठेवली, हे त्यात होतं. पाहुणी म्हणून मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. चूक माझी होती. मी दादांना म्हटलं, मी आहे तोवर ही वही मी लिहू का? आकड्यांचंच माझं काम. ते हो म्हणाले. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दोन नोंदी, पॅनेलवरची पानं पुसणं आणि आठवड्याने बॅटरीतल्या पाण्याची पातळी बघणं माझ्याकडे आलं. रिटर्नचं उरलेलं काम कुडाळला सायबर कॅफेत बसून संपवलं.

लावणी 26 जूनला सुरू झाली. तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली रोपं, पंचवीस दिवसांचा झाला होता. भात वालय, इथलं जुनं लाल वाण, पेजेसाठी नावाजलेलं. दादा चारसूत्री पद्धतीने लावतात. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी ती बसवली. तूस-पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवणं, दोरीवर नेमक्या अंतराने लावणी आणि चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये खताची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, अशी तिची चार सूत्रं. ब्रिकेट युरियाची असते म्हणून हे घर चौथं सूत्र गाळतं. दोरीला पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरवर आळीपाळीने खुणा असतात.

मी चिखलात उतरले आणि रोपं चांगली खोल रोवायला लागले, वाहून जाऊ नयेत म्हणून. मेरेवर, म्हणजे बांधावर बसलेली आजी ओरडली, ‘गो, थांब! पयलां बघ, मगे हात लाव.’ ती शहात्तर वर्षांची बाई साडीचा काष्टा मारून उतरली. दोन-तीन रोपं, मुळाशी अंगठा आणि दोन बोटं, बोटाचं एक पेर चिखलात, आणि हात लगेच बाहेर. खोल गेलं की फुटवे कमी येतात. माझ्या दोन ओळी तिने उपटून परत लावल्या. मी उभी राहून फक्त बघत होते, बहुतेक पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत जे शिकले ते कुठल्याही व्हिडिओत मिळालं नसतं, कारण तिचा हात चिखलातून निघताना जराही आवाज होत नव्हता. माझा व्हायचा, पचक् असा. आवाज थांबला तेव्हा आजीने मेरेवर जाऊन पान लावलं.

चौथ्या दिवशी कंबर एवढी धरली की खाटेवरून उठता येईना. वहिनींनी तेल चोळलं, दुपारपर्यंत झोपू दिलं. लेप्टो, म्हणजे चिखल-पाण्यातून होणारा ताप, होऊ नये म्हणून गावातल्या आशा सेविकेने दिलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सगळ्यांबरोबर मीही घेत होते. चिखलात उतरणार असाल तर त्यात हयगय करू नका, पायाला जखम असेल तर त्या दिवशी उतरूच नका.

जायचं असेल त्यांना माझं एवढंच सांगणं. फुकटची सुट्टी म्हणून जाऊ नका, आणि आपण उपकार करायला चाललोय असंही समजू नका. किमान तीन आठवडे काढा. गेल्या गेल्या विचारा: पाणी कुठून येतं, कुठे जातं, वीज किती उरली आहे, आणि या घरात कुठली गोष्ट राखून ठेवलेली असते. फोटो घरातल्या मुलांचे काढू नका. ऑफिसचं काम खरंच संपवून जा.

लावणी 8 जुलैला आटपली. शेवटचा कोपरा मी आणि मोठीने मिळून लावला. 13 तारखेला निघताना मी वही तिच्याकडे दिली.

परवा वहिनींचा फोन आला. यंदाचं भात पोटरीत आहे, म्हणजे कणीस बाहेर यायच्या बेतात, दसऱ्यानंतर कापणी. मागून आजीचा आवाज आला, ‘कापणीक येतलंस मां गो?’ मी तिकीट काढल्याचं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, ‘मग येताना कुडाळच्या बाजारातून बॅटरीचं पाणी घेऊन ये, पाच लिटरचा कॅन. आणि कंदिलाची काच फुटली आहे, तीही बघ.’