व्हेनिसच्या खाजणात गरवताना

सकाळचे सात वाजून गेलेले, थंडी पाच अंशांची, आणि आमची चोवीस फुटी होडी चिखलात बसलेली. इंजिन वर उचललं तरी तळाला कालवांच्या कवचांची खरखर ऐकू येत होती. कॅप्टन लांब काठी रोवून होडी रेटत होता आणि माझा सातारकर मित्र, ज्याने आयुष्यात कृष्णेपेक्षा मोठं पाणी होडीतून पाहिलं नव्हतं, मला विचारत होता, "काय रे, तू तर खाडीकाठचा ना? मग ओहोटी कधी संपणार ते सांग की."

मला सांगता येईना. माझी चाळीस वर्षांची अक्कल त्या चिखलात होडीच्या आधी बसली होती.

माझं गाव कर्ली खाडीच्या काठी, देवबागच्या बाजूला. आमच्याकडे पोराला पाढे येण्याआधी पाऊणकी येते. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ हाती. आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी भरणार. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर वरखाली होतं. ह्या हिशेबावर काकांनी मला गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, शिकवलं. तोच हिशेब घेऊन मी ह्यूस्टनहून सात-आठ तास गाडी हाणत लुइझियानातल्या व्हेनिसला आलो होतो. इटलीतलं नव्हे. हे व्हेनिस म्हणजे मिसिसिपी समुद्राला मिळते तिथलं शेवटचं गाव. ह्याच्यापुढे रस्ता नाही.

न्यू ऑर्लीन्स सोडलं की रस्ता क्रमांक २३ नदीच्या काठाकाठाने खाली उतरतो. डाव्या हाताला नदीचा बंधारा, उजव्या हाताला खाजणाचा बंधारा, मधल्या पट्टीत गावं, संत्र्याच्या बागा आणि खांबांवर उभी केलेली घरं. नदी दिसतच नाही. बंधाऱ्याच्या वरून एखाद्या जहाजाचे वरचे मजले तेवढे सरकत जातात, जणू कुणी इमारत ढकलत नेतंय. वाटेत ब्यूरस लागतं. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ तिथेच जमिनीवर आलं. आम्ही तिथे रस्त्याकडेला पिशवीभर सत्सुमा संत्री घेतली आणि पुढे निघालो. संत्री फार गोड निघाली, एवढं मात्र लिहून ठेवतो.

तर ओहोटी. मेक्सिकोच्या आखाताच्या ह्या भागात दिवसाला एकच भरती आणि एकच ओहोटी येते, आणि तीही फूटभराची. आमच्या काकांनी त्याला भरती म्हटलंच नसतं. इथे पाणी हलवतो तो वारा. दक्षिणेचा वाहिला की समुद्र खाजणात घुसतो. हिवाळ्यात थंडीची लाट येते, उत्तरेचा वारा सुटतो आणि खाजणातलं पाणी समुद्राकडे ढकलून देतो, दोन-दोन फूट, कधी जास्तच. आदल्या रात्री तेच झालं होतं. मी पंचांगाचं अॅप उघडून तिथी बघत होतो आणि कॅप्टन वाऱ्याचा अंदाज बघत होता. बरोबर कोण होतं ते चिखलाने सांगितलं.

होडी सुटल्यावर टायगर पास नावाच्या फाट्यातून बाहेर पडलो. दोन्ही बाजूंना उंच बोरूसारखं गवत. मग ते विरळ झालं आणि पाणीच पाणी. कॅप्टनच्या समोरच्या पडद्यावर नकाशा चालू होता. मी डोकावलो तर आमची होडी त्यावर जमिनीवरून चालली होती. चक्क पिवळ्या जमिनीवरून, ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने! आजूबाजूला बघितलं तर सगळीकडे पाणी. नकाशा जुना, जमीन त्याच्याही आधी गेलेली.

इथे खाड्यांची नावंसुद्धा वारतात. काठच उरला नाही तर खाडी कशाला म्हणायचं? २०१३च्या सुमारास सरकारी सागरी नकाशांवरून ह्या एका परगण्यातली तिसाहून जास्त नावं पुसली गेली. यलो कॉटन बे हे त्यातलंच एक. १९३२ ते २०१६ ह्या काळात लुइझियानाच्या किनाऱ्याने सुमारे ४,८३३ चौरस किलोमीटर जमीन गमावली. म्हणजे आठ बृहन्मुंबया.

कारण तेच, ज्याच्या मधून आम्ही आलो होतो. १९२७च्या महापुरानंतर नदीला बंधाऱ्यांत पक्कं आवळलं. पूर थांबले, पण पुराबरोबर खाजणात पसरणारा गाळही थांबला. तो आता सरळ खोल समुद्रात जातो. खालची माती आपल्या वजनाने खचत राहते आणि वर नवा थर पडत नाही. त्यात तेल कंपन्यांनी सरळसोट कालवे खणले. त्यांतून खारं पाणी आत शिरलं, गवत मेलं, मुळं सुटली, चिखल वाहून गेला. आमच्याकडे खारबांध घालतात ते खारं पाणी अडवून भात पिकवायला. इथल्या बांधाने गोडं पाणी अडवलं आणि खाजण उपाशी राहिलं. बंधाऱ्याला खिंडार पाडून गाळ परत आत सोडायची तीन अब्ज डॉलरची योजना होती. ती २०२५मध्ये गुंडाळली. ह्यावर कॅप्टनला बोलतं केलं तर म्हणाला, "माझं डोकं म्हणतं हवी होती. माझा मेहुणा शिंपल्यांतली कालवं काढतो, त्याच्यासमोर मी असं म्हणत नाही." गोड्या पाण्याने कालवं मरतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

गंमत अशी की आम्हाला मासे मिळाले ते अशाच एका तेलाच्या कालव्यात. उथळ पाणी पळालं की मासे खोलात गोळा होतात, आणि इथे खोल म्हणजे हे कालवेच. ज्याने खाजण खाल्लं त्याच्याच पोटात मासे लपलेले. कॅप्टनने आमच्या दोरीवरची ती मणी लावलेली बुचं काढून टाकली. झटका दिला की ती 'चबक्' वाजतात आणि माशाला वाटतं वर कोळंबी उडतेय. पण थंडीत मासा वर येत नाही म्हणाला. शिशाच्या डोक्याची गरी, तिला मेलेली कोळंबी, आणि तळाला सोडून गप्प बसायचं. ह्यात मला कुणी शिकवायला नको होतं. काकांचं तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, आणि नटाचं वजन ह्याच कामाचं.

पहिला ओढा सातारकराला लागला. नळी वाकली, चरखीतून दोर कर्रर्र सुटला आणि हा "धर, धर!" म्हणत नळी माझ्याच हातात द्यायला लागला. मी घेतली नाही. दहा मिनिटांनी जो वर आला तो रेडफिश, चिंचेने घासलेल्या तांब्याच्या घंगाळासारखा, शेपटीच्या बुडाशी एकच काळा टिळा. पट्टीवर एकतीस इंच भरला. इथे अठरा ते सत्तावीस इंचांमधलेच ठेवता येतात, माणशी चार. त्याहून मोठे ते अंडी घालणारे, सोडायचे. १९८०च्या दशकात न्यू ऑर्लीन्सच्या शेफ पॉल प्रूडोमने मसाला लावून काळा भाजलेला रेडफिश गाजवला आणि देशभर एवढी मागणी आली की ह्या माशावर संक्रांत आली. तेव्हापासून नियम कडक झाले. सातारकराने आयुष्यातला पहिला मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, मासा शेपटी मारून गेला, आणि हा पाच मिनिटं ओल्या बाह्यांनी नुसता उभा.

दुपारपर्यंत सहा ठेवण्याजोगे मिळाले. खरा धक्का धक्क्यावर बसला. (हा श्लेष मुद्दाम नाही, पण आता राहू दे.) कॅप्टनने सराईत हाताने दोन्ही बाजूंच्या तुकड्या काढल्या, खवल्यांसकट, कारण इथे ते कातडी खाली ठेवून शेगडीवर भाजतात. आणि डोकी? डोकी सरळ पाण्यात! पेलिकन टपूनच होते. पहिली दोन गेल्यावर माझ्या तोंडून आवाज निघाला. त्याने सुरी थांबवून बघितलं. मी म्हटलं, ही चार मला हवीत. "शिवाय," तो म्हणाला, "तुला आणखी काही दाखवतो." त्याने एका डोक्यात सुरी घालून दोन पांढरे खडे काढले, चिंचोक्याएवढे, आणि माझ्या तळहातावर ठेवले.

हे खडे मी ओळखत होतो. घोळीच्या डोक्यात असतात तेच. रेडफिश आपल्या घोळीच्या आणि ढोम्याच्या कुळातला. नर पोटातल्या भोताजवळचे, म्हणजे हवेच्या पिशवीजवळचे, स्नायू थरथरवून ढोल वाजवतो, म्हणून ह्या कुळाला इंग्रजीत ड्रम म्हणतात. चौदा-पंधरा हजार किलोमीटरवर नातलग भेटल्यासारखं झालं.

ह्यूस्टनला येऊन डोक्यांचं सार केलं. कोकम होतं, तिरफळं गावाहून आणलेली. सार ठीक झालं, घोळीची सर नाही, मांस जरा दडस. मग काकांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"तिथ खयची होती?"

मी म्हटलं, काका, तिथे तिथीचं काही चालत नाही, पाणी वाऱ्याने येतं-जातं.

पलीकडे बराच वेळ शांतता.

"मेल्या, पाणी वाऱ्यान जाता, तर मगे चंद्र थंय काय करता?"