घरी सांगून निघावे

युनिटला फील्डमध्ये जाण्याचा हुकूम आला की गाड्या, हत्यारे आणि पुलाचे सामान यांच्या बरोबरीने प्रत्येक जवानाच्या कागदपत्रांची तपासणी सुरू होते. बाहेरच्या माणसाला हे कारकुनी काम वाटेल, पण मला ते नेहमीच सर्वांत अवघड वाटत आले आहे. बेली पुलाचे, म्हणजे सुटे भाग जोडून उभारायच्या लोखंडी पुलाचे, एक पॅनेल सुमारे 260 किलोंचे असते आणि ते उचलायला सहा जण लागतात, हे आमच्याकडे रिक्रूटलाही पाठ असते. पण ‘मला काही झाले तर’ या वाक्याचा पुढचा भाग लिहिताना कोणाला किती भार पेलवेल, हे त्याच्यासमोर फॉर्म ठेवेपर्यंत कळत नाही.

मी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, नायब सुभेदार आहे. आमचे केंद्र पुण्यात खडकीला आहे आणि माझे कुटुंबही खडकीतच क्वार्टरमध्ये राहते. या वेळी आम्ही उत्तरेकडच्या उंच डोंगराळ भागात निघालो आहोत. नेमके ठिकाण आणि तारीख लिहिणे योग्य नव्हे. कंपनीची कागदपत्रे तपासून घेण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्या दिवशी ऑफिसच्या व्हरांड्यात टेबल मांडून क्लार्क एकेकाचे शीट रोल, म्हणजे सेवेच्या नोंदींचे कागद, काढून देत होता आणि मी समोर बसलेल्या जवानाच्या आधार कार्डाशी, बँकेच्या पासबुकाशी त्यातली नावे अक्षरन् अक्षर ताडून पाहत होतो. एका कागदावर आईच्या नावापुढे ‘बाई’ लागलेले असते, दुसऱ्यावर नसते. बायकोचे आधार कार्ड माहेरच्या नावाचे असते आणि युनिटने प्रसिद्ध केलेल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या लग्नासारख्या घरगुती बाबींची नोंद करणाऱ्या आदेशात, सासरचे. घरचा माणूस धडधाकट असेपर्यंत अशा फरकाने काहीही अडत नाही. तो नसला, की त्याच एका अक्षरापायी त्याच्या माणसांना कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. आता निवृत्तिवेतनाचे सारे काम ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून चालते आणि यंत्राला ‘अहो, ही तीच बाई आहे’ असे सांगून पटत नाही. म्हणून मी या कामात कोणालाही घाई करू देत नाही.

दुपारच्या लंगरच्या आधी माण तालुक्यातला एक तरुण सॅपर समोर येऊन बसला. कामाला वाघ, बोलायला अगदी कमी. वडील लहानपणीच गेले; आईने दुसऱ्याच्या रानात रोजंदारी करून, चार शेळ्या सांभाळून त्याला वाढवले आणि भरतीच्या मैदानापर्यंत पोहोचवले. अलीकडेच त्याचे लग्न झाले होते. लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघाली होती, पण विम्याच्या आणि भविष्यनिर्वाह निधीच्या फॉर्मवर अजून फक्त आईचे नाव होते. मी नवा फॉर्म पुढे सरकवला. त्याने पेनाचे टोपण काढले, फॉर्मवर आपला नंबर, रँक, नाव लिहिले आणि पुढच्या रकान्यापाशी हात थांबवला.

“साहेब, आईचं नाव खोडायचं का?”

“खोडायचं नाही. नवा फॉर्म भरायचा.”

“म्हंजे त्येच की, साहेब.”

मी त्याला नीट समजावून सांगितले. विवाहित जवानाच्या बाबतीत कुटुंब निवृत्तिवेतनाचा पहिला हक्क पत्नीचा असतो, त्यात आपल्या मर्जीचा प्रश्न येत नाही. विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्या नामनिर्देशनात मात्र नियमांच्या चौकटीत एकाहून अधिक नावे घालून प्रत्येकाचा हिस्सा लिहिता येतो. गावाकडची जमीन, बँकेतली शिल्लक यांसाठी मृत्युपत्र करता येते आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. सगळे ऐकून घेऊनही त्याचा हात हलेना. शेवटी मी म्हणालो, “जा, बाहेर जाऊन घरी फोन कर. आईला विचार, बायकोला विचार आणि मग लिही.” तो खाली मान घालून बसून राहिला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, “साहेब, घरी अजून सांगितलंच नाही. मी पुण्यातच हाय असं वाटतंय त्यास्नी.”

अडचण आईच्या नावाची नव्हती. तो घरी न सांगता निघणार होता.

त्याला रागे भरावे असे मला वाटले नाही, कारण हा विचार मी जन्मापासून ओळखतो. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि 1987 साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेले. तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. त्यांनी घरी एवढेच सांगितले होते की दक्षिणेत कुठेतरी ‘सरावाला’ जायचे आहे. पुढे पत्रे येत, पण आमच्या फौजी पत्रांवर गावाचे नाव नसते. नंबर, युनिट आणि 56 एपीओ किंवा 99 एपीओ हा फौजी टपाल कार्यालयाचा क्रमांक, बस्स. आकाशवाणीच्या बातम्यांत जाफना हे नाव रोज येऊ लागले आणि गल्लीतल्या दुसऱ्या एका फौजीच्या घरून आईला खरी गोष्ट कळली. बऱ्याच वर्षांनी मी वडिलांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सांगून काय करायचं होतं? तिची झोप उडाली असती.” आई चुलीपाशी बसली होती. ती तिथूनच म्हणाली, “झोप उडालीच होती. निस्ती कशानं उडाली ते कळत नव्हतं.” माझ्या वडिलांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे, पण या बाबतीत आईचे म्हणणे खरे आहे, असेच मी मानतो. न सांगणे ही माया असेल. पण त्या मायेत घरच्या माणसाला दुबळे समजणेही असते.

मी त्या सॅपरला एकच प्रश्न विचारला. “तुझ्या कसम परेडला आई आली होती ना?” आली होती. इथेच, खडकीच्या मैदानावर. शपथ घेताना रिक्रूट म्हणतो की जमिनीवरून, समुद्रावरून किंवा हवेतून जिथे पाठवाल तिथे जाईन, त्यात प्राण गेला तरी बेहत्तर. आणि ती शपथ ती माउली मांडवात बसून ऐकत होती. परेडनंतर आईवडिलांच्या छातीवर गौरव पदक लावतात. तिला मिळालेले पदक तिने देव्हाऱ्यात ठेवले आहे, असे त्यानेच सांगितले. मी म्हणालो, “मग तिला काय नवीन सांगायचंय? तिनं ते तुझ्या आधीच कबूल केलंय. तू फक्त दिवस सांगायचा राहिलाय.” तो उठून फोन करायला गेला. मी पुढच्या जवानाला बोलावले, कारण रांग मोठी होती. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. आई रडली, थोडी रागावलीही आणि मग म्हणाली की मी आणि सूनबाई रविवारी येतो, तोवर कशावर सही करू नकोस. मला तिचे हे म्हणणे फार योग्य वाटले. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि क्लार्कला सांगितले की याचे सोमवारी बघू.

संध्याकाळी क्वार्टरवर आलो आणि माझी स्वतःची फाइल बायकोपुढे उघडली. पासबुक, विमा, मुलांच्या जन्माच्या नोंदी, गावच्या जमिनीचा सातबारा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता असे सारे एकेक करून दाखवले. तिने हे सर्व पूर्वीही पाहिले आहे. तरीही ती प्रत्येक कागद हातात घेऊन वाचते आणि स्वतःच्या वहीत टिपून ठेवते. या वेळी तिने मध्येच विचारले, “अहो, जाण्याचं सगळं लिहिलंय तुम्ही. पण जखमी होऊन परत आलात तर काय, ते कुठं लिहिलंय?”

खडकीत राहणाऱ्या बाईने हा प्रश्न विचारावा, हे स्वाभाविक आहे. इथे 1974 पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला इजा होऊन कमरेखालचे किंवा मानेखालचे शरीर कायमचे निकामी झालेले जवान तिथे राहतात, चाकांच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. वानवडीच्या बाजूला 1944 साली सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र आहे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकलेले मुरलीकांत पेटकर पुण्यातच स्थायिक झाले. देशासाठी प्राण देण्याची भाषा सगळेच करतात. प्राण न जाता उरलेले आयुष्य खुर्चीवर काढण्याविषयी आम्ही फौजीसुद्धा घरी फारसे बोलत नाही. त्या रात्री आम्ही बोललो. अपंगत्व निवृत्तिवेतन कसे ठरते, क्वार्टर कधीपर्यंत राहते, गावी जायचे की पुण्यातच राहायचे, हे सगळे. ती म्हणाली, “पुण्यातच राहू. इथं उपचार आहेत आणि मला नोकरी मिळेल.” तिने ते वहीत लिहिले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण त्या क्षणी मला तिच्याबद्दल जो अभिमान वाटला तो मी तिला सांगून टाकला.

दहावीतली मुलगी शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती आणि अर्थातच सगळे ऐकत होती. ती येऊन म्हणाली, “बाबा, तुम्ही गेल्याने देशाचं नेमकं काय होतं?” तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. मी तिला सॅपरचे काम सांगितले. बर्फात वाट उघडी ठेवणे, ओढ्यावर पूल टाकणे, पाणी पुरवणे, जवानांना राहण्याजोगा निवारा उभा करणे, आणि लढाई झाली तर सुरुंगातून वाट काढणे. आमचे रामा राघोबा राणे कारवारकडचे. 1940 साली साधे सॅपर म्हणून भरती झाले आणि पुढे सेकंड लेफ्टनंट झाले. एप्रिल 1948 मध्ये जम्मूतल्या नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडे आडवी टाकली होती, पूल उडवले होते. सुरुवातीलाच तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचे दोन साथीदार गेले आणि ते स्वतः जखमी झाले. तरीही 8 ते 11 एप्रिल असे रात्रंदिवस ते रस्ता मोकळा करत राहिले. वरून गोळ्या येत असताना ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि दोरीने चालकाला खुणा करत त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. निवृत्तीनंतर ते पुण्यातच राहिले. मी मुलीला सांगितले की हे सगळे सांगताना लोक रणगाड्यापाशी थांबतात. मी मात्र रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा विचार करतो. राजौरीत बायकामुले होती, लुटालूट आणि कत्तलीच्या भीतीने अर्धमेली झालेली, आणि रस्ता उघडल्याखेरीज सैन्य त्यांच्यापर्यंत पोहोचणार नव्हते. मला देश म्हटले की आधी ती माणसे दिसतात. ती माझ्या ओळखीची नाहीत, माझी भाषा बोलत नाहीत, आणि त्यांच्यापर्यंत वाट न्यायला कोणाचा तरी बाप घरातून निघावा लागतो. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग आम्हाला न सांगता जाऊ नका कधी.” मी तसा शब्द दिला.

रविवारी मंदिर परेड आटोपल्यावर त्या सॅपरची आई आणि बायको गेटवर आल्या. पहाटेच्या एसटीने स्वारगेटला आणि तिथून बसने खडकीला. आई नऊवारीत, हातात भाकऱ्यांचे गाठोडे. सून तिच्या मागे कागदांची पिशवी घेऊन. मी त्यांना व्हरांड्यात बसवले, चहा दिला आणि जेवढे सांगता येण्याजोगे होते तेवढे सांगितले. उंचावर एकदम नेत नाहीत. 9,000 फुटांवर गेल्यावर सहा दिवस, 12,000 च्या वर आणखी चार आणि 15,000 च्या वर पुन्हा चार असे थांबत थांबत शरीराला सवय करून घ्यावी लागते. पहिले दोन दिवस तर निव्वळ विश्रांती असते, कारण तिथे अंगातली मस्ती फुप्फुसात पाणी होऊन जिवावर बेतू शकते. आईने मन लावून ऐकले आणि लेकाकडे वळून म्हणाली, “मग पळापळ करू नगं. साहेब म्हणतील तसं ऱ्हा.”

फॉर्म भरताना दोघींमध्ये थोडी ओढाताण झाली. सून म्हणे आईंचा वाटा मोठा ठेवा, त्यांना दुसरे कोणी नाही. आईला ते पटत नव्हते. तिचे म्हणणे असे की पोरगी तरणी आहे, तिच्यापुढे अख्खे आयुष्य आहे. सॅपर दोघींकडे बघत उभा होता. मी मध्ये बोललो नाही. अखेर निधीचे निम्मे निम्मे करायचे आणि विम्यात सुनेचा हिस्सा जास्त ठेवायचा, असे त्यांनी आपसात ठरवले. आईच्या आधार कार्डावर नावापुढे ‘बाई’ होते आणि आमच्या नोंदीत नव्हते. ते दुरुस्तीसाठी वेगळे काढले. त्यानंतर तिने पत्र कुठे पाठवायचे ते विचारले. मी 56 एपीओचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरात लिहून दिला आणि सुनेने तो तिथेच दोनदा वाचून खात्री करून घेतली. शेंगदाण्याची चटणी पार्सलने जाईल का, असेही आईने विचारले. घट्ट बंद डब्यात जाईल, असे मी सांगितले.

सोमवारी त्याचा फॉर्म सह्यांनिशी बाकीच्या कागदांबरोबर रेकॉर्ड्सला, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, गेला. त्याच दिवशी मी सुभेदार मेजर साहेबांना विनंती केली की निघण्याआधी प्रत्येक जवानाने घरी कळवले आहे की नाही, हे रोल कॉलला विचारले जावे. त्यांनी ते त्याच संध्याकाळी विचारले. सहा हात वर आले नाहीत. त्या सहाही जणांना रोल कॉल सुटल्यावर घरी फोन करायला वेळ देण्यात आला.